खालच्या मजल्यावरची थरथर

"फुंकर मारलीस तू!"

"मी? अरे, मी श्वाससुद्धा रोखून धरला होता!"

"मग बंगला काय आपोआप पडला?"

पत्त्यांचा बंगला पुन्हा एकदा कोसळला होता आणि टेबलाच्या दोन बाजूंनी दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. एक होता खळी. दहा वर्षांचा, हसला की गालात ही खोल खळी पडायची. दुसरा त्याचा मामेभाऊ, बारा वर्षांचा, सुट्टीत आत्याकडे राहायला आलेला. आल्या दिवसापासून सगळे त्याला पाहुणा म्हणत होते. तेच नाव चिकटलं.

ते बसले होते तो होता कर्णबधिर मंडळाचा हॉल, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खळीचे आईबाबा दोघंही कर्णबधिर. त्याची मोठी बहीण भोवरीही तशीच. घरात ऐकू येणारा खळी एकटा, पण बोलायला लागायच्या आधीच तो हातांनी बोलायला शिकला होता. मंडळात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असे. भोवरीच्या डोक्यावर केसांचा भोवरा होता, म्हणून डोक्यावर बोट गोल फिरवलं की झालं तिचं नाव! खळीचं नाव म्हणजे गालात बोट रुतवणं.

हॉल साधाच होता. खुर्च्या गोलात मांडलेल्या, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. खिडक्यांना पडदे नाहीत, कारण अंधारात गप्पा मारता येत नाहीत. दारावरची घंटासुद्धा वाजायची नाही. जिन्याखालचं बटण दाबलं की हॉलच्या दोन्ही टोकांना लाल दिवे लुकलुकायचे.

भोवरी जमिनीवर बसून शनिवारच्या संमेलनासाठी मोठा फलक रंगवत होती. तिने मान वर केली आणि तळहाताने फरशीवर दोनदा थाप मारली. तिकडे बघा, असं सांगायची ही मंडळातली रीत. दोघं वळले.

भोवरी बोलायची ती हातांनी. इथे तिचं म्हणून जे लिहिलंय, ते सगळं तिच्या हातांचं बोलणं. "भांडू नका," ती म्हणाली. "फुंकर कोणीच मारली नाही. फरशी हलतेय."

खळीने पाहुण्याला ते सांगितलं. पाहुणा लगेच जमिनीला कान लावून आडवा झाला. "मला तर काही ऐकू येत नाही! बाहेरच्या गाड्यांचाच आवाज येतोय."

भोवरीने कपाळाला हात लावला. "कान कशाला? चप्पल काढ. तळवे टेक. आणि थांब."

पाहुण्याने चप्पल काढली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तळव्याखाली अगदी बारीक काहीतरी थडकलं. थांबलं. पुन्हा थडकलं.

"अरे! खरंच की!" तो ओरडला. "ट्रक गेला असेल."

"ट्रक गेला की पायाला गुदगुल्या होतात आणि संपतात," भोवरी म्हणाली. "हा ठोका आहे. कोणीतरी मारतंय. कालपण होता, परवापण. रोज दुपारीच."

मग तिने त्यांना खिडकीजवळ नेलं. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर एक तडा उतरला होता, केसाएवढा. खाली फरशीवर चुन्याची पांढरी भुकटी सांडली होती.

"तडा जुना असेल," खळी म्हणाला.

"मग वाढणार नाही. बघू या." भोवरीने वहीचा कोरा कागद फाडला, त्याची अरुंद पट्टी केली आणि तड्यावर आडवी, ताणून चिकटवली. "भिंत हलली नाही तर पट्टी तशीच राहील."

"वा! डिटेक्टिव्हच!" पाहुणा म्हणाला, आणि ते खुणेने कसं सांगायचं ते माहीत नसल्याने त्याने नुसतेच दोन्ही अंगठे वर केले.

हॉलच्या बरोबर खाली सोफ्यांचं दुकान होतं. सध्या त्याचं शटर अर्धं ओढलेलं असे आणि काचांना आतून वर्तमानपत्रं लावलेली. शेजारच्या गाळ्यात दातांचा दवाखाना. तिघं जिना उतरून शटरपाशी जाऊन वाकतात न वाकतात तोच आतून एक गलेलठ्ठ माणूस बाहेर आला. दुकानाचं काम घेतलेला ठेकेदार होता तो.

"काय आहे रे? काय हवंय?"

"काही नाही काका. आत काय चाललंय?" खळीने विचारलं.

"रंग! रंग चाललाय. चला, पळा. कपड्यांना लागेल."

तिघं पळाले, पण फक्त कोपऱ्यापर्यंत.

"त्याच्या केसांत बघितलंस?" पाहुणा कुजबुजला. "विटांचा चुरा! रंग देताना डोक्यात विटा कशा पडतात?"

"आणि आतला माणूस दिसला?" भोवरीचे हात भराभर चालले. "त्याच्या हातात मोठा हातोडा होता. त्याला गोणपाट गुंडाळलंय. आवाज होऊ नये म्हणून!"

तेवढ्यात ठेकेदाराचा आवाज आतून आला. "हळू मारा रे. शेजारचा डॉक्टर परत तक्रार करेल. वरच्यांची काळजी नको. वर सगळे बहिरे बसतात. त्यांना काय कळतंय!"

खळीचे कान तापले. असली वाक्यं तो पहिल्यांदा ऐकत नव्हता. ती घरी सांगायची की गिळायची, हे त्याला दर वेळी ठरवावं लागायचं. यावेळी त्याने शब्दन्‌शब्द हातांवर आणला.

भोवरीने शांतपणे बघितलं आणि तिला हसूच आलं. "ऐकू येत नाही, हे खरंय. कळत नाही, हे त्याला कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी हॉल उघडल्याबरोबर तिघं खिडकीकडे धावले. कागदाची पट्टी मधोमध फाटली होती! तडाही आता केसाएवढा राहिला नव्हता. त्यात नख सहज गेलं असतं.

मंडळाचे अध्यक्ष होते मिशीकाका. त्यांची मिशी एवढी मोठी, की त्यांचं खुणेचं नाव दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. त्यांनी पट्टी पाहिली, तड्यावरून बोट फिरवलं, बूट काढले आणि बराच वेळ अनवाणी उभे राहिले. मग म्हणाले, "मलाही जाणवत होतं. मला वाटलं, वय झालं, पाय कापतायत!"

ते स्वतः खाली गेले. खिशातल्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'तुम्ही भिंत तोडताय का?' ठेकेदाराने त्याखाली मोठ्या अक्षरांत 'रंगकाम' एवढंच खरडलं, कागद त्यांच्या हातात कोंबला आणि पाठ फिरवली. पाठ फिरवली की कर्णबधिर माणसाशी बोलणंच संपतं. ठेकेदाराला ते पक्कं ठाऊक असावं.

मिशीकाका वर आले आणि त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून हॉलला कुलूप लावलं. "खरं काय ते कळेपर्यंत कोणी वर जायचं नाही."

"आणि संमेलन?" भोवरीची आई, म्हणजे पाहुण्याची आत्या, विचारत होती. ती सकाळी बेकरीत केक बनवायची आणि उरलेल्या वेळात मंडळाची चिटणीस असायची. "शनिवार तोंडावर आलाय! लोक गावोगावहून निघतील."

ती कुलूप लावलेल्या दाराकडे बघत राहिली. फलक आतच राहिला होता. पाहुण्याला तिचा चेहरा बघवेना. "एवढं काय असतं संमेलनात?" त्याने खळीला हळूच विचारलं.

"गप्पा," खळी म्हणाला. "तुला नाही कळणार. काही जण असे आहेत, की त्यांच्या अख्ख्या गावात हातांनी बोलणारं दुसरं कोणी नाही. वर्षभराचं साठवून ठेवतात आणि इथे येऊन बोलतात."

 त्या संध्याकाळी पाहुण्याने भोवरीकडून खुणा शिकायला सुरुवात केली. पाणी, घर, भिंत, पुस्तक, ये, थांब. बोटं ऐकेनात, पण तो हटला नाही.

मिशीकाका खळीला घेऊन नगरपालिकेत गेले. टेबलामागच्या कारकुनाने मिशीकाकांकडे पाहिलंच नाही. तो खळीला म्हणाला, "यांना सांग, तक्रार लेखी द्या आणि महिन्याने चौकशी करा."

मिशीकाकांनी टेबलावर टकटक केलं आणि हात हलवले. खळी म्हणाला, "काका म्हणतात, बोलणं त्यांच्याशी चाललंय, तर त्यांच्याकडे बघून बोला. मी फक्त आवाज आहे!"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. त्या होत्या नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, थेट मिशीकाकांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "सांगा. काय झालंय?"

फाटलेली पट्टी पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. "ही कोणी लावली?"

"माझ्या ताईने."

"हुशार आहे ताई. उद्या दुपारी येते मी. पण दुकानदारांना आधी फोन करावा लागेल. तसा नियम आहे."

"फोन?" घरी आल्यावर पाहुण्याने डोकं धरलं. "म्हणजे रात्रीतून सगळं लपवतील ते!"

"लपवू देत," भोवरी म्हणाली. "दुकानाच्या मागच्या बोळात एक झरोका आहे. तो कसा लपवतील?"

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाई आल्या. बरोबर मिशीकाका आणि खळी. शटर पूर्ण वर! काचांवरची वर्तमानपत्रं गायब! दर्शनी भागाला छान ताजा रंग. मागे मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लायवूड ठोकलेलं, आणि त्याला लागून एक भलंमोठं कपाट.

"या, या मॅडम!" ठेकेदार हसत हसत पुढे आला. "बघा, रंगच चाललाय. पोरांना काहीतरी भास झाला."

"प्लायवूडच्या मागे काय आहे?"

"गोदाम. किल्ली मालकांकडे. मालक बाहेरगावी."

बाईंनी छताकडे पाहिलं, भिंतींवर टकटक केलं. दर्शनी भागात कुठेच काही चुकीचं दिसेना. त्या घड्याळाकडे बघू लागल्या.  खळीने हळूच बाजूच्या काचेतून बाहेर पाहिलं.

बाहेर, बोळाच्या तोंडाशी, पाहुणा उभा होता. बोळाच्या आत पालथ्या घातलेल्या पिंपावर चढून भोवरी झरोक्याला नाक लावून होती. ती बघत होती आणि पाहुण्याला खुणा करत होती. पाहुण्याने त्याच खुणा काचेतून खळीला करायच्या, असं ठरलं होतं. ठेकेदाराच्या नाकासमोर सगळं बोलणं चाललं होतं आणि त्याला पत्ताही नव्हता!

पाहुण्याचे हात हलले. खळीने ते मोठ्याने सांगितलं, "बाई! मागे... मागे पुस्तक नाहीये!"

 ठेकेदार पोट धरून हसला. "सोफ्याच्या दुकानात पुस्तक कशाला असेल रे बाळा?"

खळीचा चेहरा लालबुंद झाला. पुस्तक? हे काय भलतंच? त्याने पाहुण्याकडे डोळे फाडून पाहिलं. पाहुण्याने घाबरून तीच खूण पुन्हा केली. दोन्ही तळवे जवळ, मग उघडले. पुस्तक!

बोळातून भोवरीने हा घोटाळा पाहिला. तिने पिंपावरून उडी मारली, धावत येऊन पाहुण्याला बाजूला केलं आणि काचेसमोर स्वतः उभी राहिली. दोन्ही तळवे उभे, शेजारी शेजारी, आणि ते लांब लांब नेले. भिंत! मग हाताने सगळं पुसून टाकलं. नाही. गेली.

"भिंत!" खळी ओरडला. "बाई, मागची भिंतच नाहीये! काढून टाकलीय!"

"पोरांचा खेळ आहे मॅडम," ठेकेदार म्हणाला, पण यावेळी तो हसला नाही.

बाई काचेकडे वळल्या. "तिला विचार, भिंत नाही, तर वरचा भार कशावर आहे?"

खळीने काचेतून विचारलं. भोवरीने डावा हात कोपरापासून सरळ उभा धरला आणि त्यावर उजवा तळवा छतासारखा आडवा टेकवला. एक. शेजारी दुसरा. मग मधला. मधल्यावर येताच तिचा उभा हात हळूहळू वाकू लागला, थरथरला, आणि वरचा तळवा एका बाजूला कलला.

खळीने तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. "कळलं. हे सांगायला नको." त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता. "कपाट सरकवा. आत्ता!"

"किल्ली..."

"कपाटाला किल्ली लागत नाही!"

बाई आणि मिशीकाकांनी मिळून कपाट ढकललं. त्यामागे प्लायवूडमध्ये माणूस जाईल एवढी वाट होती. बाईंनी आत डोकावून टॉर्च मारला. जाड भिंतीच्या जागी विटांचे दात विचकलेले दोन कडेचे तुकडे, आणि मध्ये लाकडी टेकू. मधला वाकून चिरला होता.

"सगळे बाहेर! दवाखानापण रिकामा करा! वर कोणी नाही ना?"

"वर कुलूप आहे," खळी म्हणाला. एवढ्यात भोवरीने पाहुण्याचा दंड घट्ट धरला आणि जिन्याकडे बोट दाखवलं. जिन्याच्या तोंडाशी बेकरीची पिशवी ठेवलेली होती. आईची! चिटणिसांकडे दुसरी किल्ली होती.

"आत्या!" पाहुणा जिन्याखाली उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडला. "आत्या! आत्या!"

भोवरीला त्याचं उघडलेलं तोंड दिसत होतं. तिने त्याला बाजूला सारलं आणि घंटेचं बटण दाबलं. सोडलं, दाबलं, सोडलं, दाबलं. वर काय होतंय ते कोणालाच दिसत नव्हतं. आत्याची पाठ दिव्यांकडे असली तर? ती खाली वाकून काही शोधत असली तर?

जिन्यावर चपला वाजल्या. काखेत गुंडाळलेला फलक घेऊन आत्या खाली आली. "काय झालं? दिवे वेड्यासारखे का लुकलुकतायत?"

भोवरीने तिला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे नेलं आणि मगच तिचे हात बोलू लागले. "कोणी वर जायचं नाही, असं ठरलं होतं ना? तू तर मोठी आहेस! फलक दुसरा रंगवला असता मी! दुसरी आई कुठून आणली असती?"

आत्याने आपल्या लेकीकडे पाहिलं. मग फलक खाली ठेवून तिला घट्ट जवळ घेतलं. हात अडकल्यावर बोलणं थांबतं. 

दवाखान्यातून माणसं बाहेर येत होती. एकाच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले. त्याला बोलता येईना, म्हणून तो हातवारे करून विचारू लागला, झालं तरी काय? मिशीकाकांनी त्याला खुणांनी सगळं व्यवस्थित समजावलं. त्याने समजल्यासारखी मान डोलावली.

"बघ!" मिशीकाका खळीला म्हणाले. "किती लवकर शिकला! सगळ्यांचेच दात दुखायला हवेत."

मग त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं, दोन्ही तळवे जुळवून उघडले आणि त्याच्याकडे बोट केलं. आजूबाजूचे सगळे हसले.

"काय म्हणाले?" पाहुण्याने विचारलं.

"तुझं नाव ठेवलं," खळी म्हणाला. "पुस्तक. आता सुटका नाही."

संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू आले, छत पेललं गेलं. बाईंनी काम थांबवायचा हुकूम काढला. भिंत पुन्हा बांधेपर्यंत ठेकेदाराला दुसरं कुठलंच काम मिळणार नव्हतं. हॉल काही महिने बंद राहणार होता, पण इमारत उभी राहणार होती. आणि संमेलनासाठी बाईंनी नगरपालिकेच्या बागेजवळचं मैदान मिळवून दिलं.

शनिवारी मैदान माणसांनी फुललं. आईने आणलेले केक बघता बघता संपले. ऊन कललं तेव्हा सोफ्यांच्या दुकानाचे मालक आले. ते खाली मान घालून खळीजवळ उभे राहिले.

"बाळ, यांना सांग, मी फक्त म्हणालो होतो की दुकान मोठं दिसायला हवं. कसं करणार, ते मी विचारलंच नाही. चुकलं माझं."

खळीने मान हलवली. "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा. ताई, यांना शिकव ना!"

भोवरीने त्यांना माफीची खूण दाखवली. मालकांनी ती सगळ्यांसमोर केली, अवघडून, उलट्या हाताने. मिशीकाकांनी त्यांचा हात धरून सुलटा केला. पुन्हा करायला लावली. मग पाठीवर थाप मारून त्यांना एक खुर्ची दिली.

इंजिनिअर बाई व्यासपीठावर चढल्या. "गेली कित्येक वर्षं मी इमारती तपासते," त्या म्हणाल्या आणि शेजारी उभा खळी त्यांचे शब्द हातांवर आणू लागला. "पण एक हात आणि एक तळवा वापरून अख्खं छत कुणी मला समजावलं नव्हतं. या तिघांनी परवा किती माणसं वाचवली, ते मला मोजायचंसुद्धा नाही. शाब्बास, मुलांनो!"

मैदानभर हात वर गेले. टाळ्या वाजल्या नाहीत. शेकडो तळवे हवेत हलत राहिले आणि भोवरी लाजून आईच्या पाठीमागे लपली. मिशीकाकांनी तिला ओढून पुढे आणलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.  त्यांची मिशी थरथरत होती.

अंधार पडला, तसे सगळे मैदानाबाहेरच्या दिव्याच्या खांबाखाली गोळा झाले. "चला, निघू या," असं आत्या म्हणाली आणि कुणाशीतरी नव्याने बोलायला लागली.

"घरी कधी जायचं?" पाहुण्याने जांभई दिली.

"निघू या म्हणाली ना? म्हणजे अजून तासभर," खळी म्हणाला.

लांबच्या गावाहून आलेला एक तरुण गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला. त्याची गाडी पहाटेची होती. घाई नव्हती. त्याने पाहुण्याच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि अगदी सावकाश, त्याला कळेल अशा खुणा केल्या. "पुस्तक म्हणजे तूच ना? काय घडलं ते मला पहिल्यापासून सांग."

पाहुण्याने खळीकडे पाहिलं. खळीने हात मुद्दाम खिशात घातले.

मग पाहुण्याने आपली पिशवी खळीकडे दिली, दिव्याच्या उजेडात नीट पुढे सरकला आणि हात वर केले.